मेंढरं बसवलेलं वाळवंट

मी दोनदा डेझर्ट सफारीला गेलो. पहिल्यांदा दुबईत, दुसऱ्यांदा सांगोला तालुक्यात. दुसरी जास्त लांबची वाटली, कारण तिथं मी उंटाबरोबर टेम्पोतून गेलो.

दुबईचं आधी सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ तिथं आहे. मुलगा तिकडं नोकरीला आहे. आई-वडील आले की त्यांना काय काय दाखवायचं याची तिथं एक ठरलेली यादी असते आणि त्यात वाळवंट तिसऱ्या दिवशी येतं. दुपारी पांढरी मोठी गाडी आली. वाळू सुरू झाली तशी चालकानं गाडी थांबवून चारही चाकांतली हवा कमी केली. मग अर्धा तास त्यानं आम्हाला टेकड्यांवरून वर-खाली असं काही फिरवलं, की बायकोनं माझा हात सोडून पुढच्या सीटला धरलं. ती सीट माझ्यापेक्षा भरवशाची होती. संध्याकाळी छावणीत खजूर, बोटभर कपात कॉफी, मनगटावर ससाणा बसवून फोटो, आणि उंटावरून एक फेरी, जिच्यातला बराचसा वेळ उंट उठण्यात आणि बसण्यात गेला.

मी चाळीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होतो. पुस्तक हातात आलं की आधी ते कुठून आलंय ते बघायचं, ही सवय माणसांच्या बाबतीतही जात नाही. मी प्रत्येकाला विचारत सुटलो. चालक पेशावरकडचा. माझ्या डोक्याला फडकं बांधणारा नेपाळचा. रोट्या भाजणारा केरळचा. गोल गोल गिरक्या घेणारा नर्तक इजिप्तचा. ससाणा कुठला ते त्याच्या मालकालाही माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी त्या वाळवंटात वाळवंटातलं कोणीही मला भेटलं नाही.

सोलापूरला परत आल्यावर हे मी वरच्या खोलीतल्या भाडेकरूला सांगितलं. पस्तिशीचा गडी. चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात तीन शिफ्टमध्ये काम करतो. आई-वडील, बायको आणि चार वर्षांची मुलगी सांगोल्याकडच्या गावात असतात. आठवड्याच्या सुट्टीला तो गावी जातो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. त्याच्या थोडं आधीच त्यानं मला जिन्यात गाठून एक गोष्ट सांगितली होती.

"सर, परवा घरी गेलो तर पोरगी मला बघून आत पळाली आन् आईला म्हणाली, सोलापूरचं पाव्हणं आलं."

सांगताना तो हसत होता. मीही हसलो. मग तो डबा घेऊन शिफ्टला गेला.

दुबईची हकीकत मात्र त्यानं हसण्यावारी नेली नाही. वाळू किती उंच? तंबू किती? उंट किती? जेवण बुफे का पंगत? नाच नसला तर चालतं का? मला वाटलं, माझी वर्णनशैली अजून शाबूत आहे. खरं तर तो माप घेत होता.

त्यांच्या रानाच्या एका कडेला ओढा आहे. फार वर्षांपूर्वी एका पुरानं तिथं वाळू आणून टाकली आणि तिचे पुरुषभर उंचीचे चार ढिगारे कायमचे राहून गेले. "वाळवंट आपल्याकडंबी हाय की सर," तो म्हणाला. "फक्त आपण त्याला पडीक म्हणतो."

मे महिन्यात त्यानं त्या ढिगाऱ्यांचं मोबाइलवर चित्रण केलं. कॅमेरा जमिनीला टेकवून धरला की चार ढिगारे चाळीस दिसतात. ते पुण्यात शनिवार-रविवारच्या सहली नेणाऱ्या एका बाईंपर्यंत पोचलं. त्यांनी कळवलं, नोव्हेंबरात आठ माणसं घेऊन संध्याकाळी बघायला येते. आवडलं तर होळीपर्यंत दर पंधरवड्याला एक बस पाठवीन.

"एवढं जमलं तर शिफ्ट सोडतो सर," तो म्हणाला. "घरीच राहतो." मग थोडं थांबून, "तुमी येताल का? आमच्यात खरं वाळवंट बघितलेला दुसरा माणूस न्हाय."

तज्ज्ञ म्हणून बोलावणं येण्याची ही माझी पहिलीच वेळ होती. मी हो म्हणालो.

तो दोन दिवस रजा टाकून शनिवारी सकाळी, वाटेत तंबू आणि खजुरांची सोय करत, पुढं गेला. मी दुपारी उंटाबरोबर निघालो. उंट सोलापूरचाच. वरातीला घोडे आणि उंट पुरवणारं एक जुनं मुसलमान घराणं आहे, त्यांच्यातले एक पन्नाशीचे भाई तो घेऊन येणार होते. टेम्पोच्या हौद्यात पेंढा पसरून उंटाला बसवलं होतं, पुढचा एक पाय दुमडून बांधलेला. मान तेवढी बाहेर. मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागल्यावर मागून येणारी प्रत्येक मोटरसायकल आधी वेग कमी करी, मग वर बघे, मग पुढं जाऊन पुन्हा मागं बघे. टोलनाक्यावर उंटानं खिडकीतल्या माणसाकडं ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर मी फक्त विद्यापीठाच्या समित्यांवर पाहिली आहे.

"भाई, वाळूत चालेल ना हा?" मी विचारलं.

"चलेगा ना सर. वाळूचं काय नाय. पण याला बँडची आदत हाय." भाईंनी खिडकीतून हात काढून उंटाच्या मानेवर थोपटलं. "जनम गया वरातीत. बाजा वाजला तर चलता, बंद झाला तर खडा रहता. दस कदम चलना, रुकना, नोटा उडवायला टाइम देना. सिखाया वैसाच."

गावाबाहेर वळणावर फ्लेक्स लावला होता. 'डेझर्ट सफारी, आपल्या मातीत.' मागं आंतरजालावरून घेतलेल्या केशरी टेकड्या, पुढं तीन उंटांची रांग. आपल्याकडं फ्लेक्स म्हटला की कोपऱ्यात कुणाचे तरी फोटो लागतातच. तसे इथंही होते. सरपंच, एक माजी सरपंच आणि त्यांच्या शेजारी, 'मार्गदर्शक' या शब्दाखाली, मी. माझ्या नावाआधी 'मा.' आणि नावानंतर 'दुबई रिटर्न'. फोटो ओळखीचा वाटला. भाडेकराराला लावलेला होता. मी त्यात चोरी करताना पकडल्यासारखा दिसतो.

मी भाईंकडं बघितलं. ते म्हणाले, "अच्छा आया है सर." उंटाचा फोटो मात्र त्यांना पसंत पडला नाही. तो राजस्थानचा होता.

ओढ्याकडं उतरलो तेव्हा साडेचार झाले होते. लग्नाच्या मांडववाल्याकडून आणलेला गुलाबी झालरीचा तंबू उभा होता, त्यात गाद्या, लोड, आणि एका टेबलावर खजुरांची ताटली जाळीखाली झाकून ठेवलेली. सगळं जागच्या जागी होतं. फक्त वाळवंट दिसत नव्हतं. चारही ढिगाऱ्यांवर, उतारांवर, मधल्या सपाटीवर मेंढरं बसली होती. दोन-अडीचशे तरी असतील. काळी, पांढरी, तपकिरी, रवंथ करणारी. भाडेकरू त्यांच्यामध्ये कमरेवर हात ठेवून उभा होता आणि त्याचे वडील शेजारी तितक्याच शांतपणे तंबाखू मळत होते.

"आबा, मी तुमाला काय म्हनलो हुतो?"

"साफ करा म्हनलास."

"मग?"

"मग काय? केलं की साफ. ह्या पावसानं तितं गुडघाभर गवत आलं हुतं. माणूस लावून कवा व्हायचं ते? मेंढरं बसवली. तीन राती झाल्या. गवत बी गेलं, रान बी खताचं झालं."

आमच्याकडं हे नेहमीचंच आहे. धनगर मेंढरं घेऊन फिरतीवर असतात. त्यांना बोलावून कळप रात्री रानात बसवायचा, म्हणजे लेंड्या आणि मुताचं खत जमिनीला आयतं मिळतं. जाताना धनगराला धान्य द्यायचं. कोणत्याही शेतकऱ्याला रान साफ कर म्हटलं तर त्याच्या डोक्यात हीच युक्ती आधी येईल. खत घालून वाळवंट सजवणारा मात्र हाच पहिला.

"सकाळी जाणार हुतं, पर एक मेंढी व्याली," कळपाचा मेंढका आपणहून म्हणाला. त्याच्या हातात दोन-तीन तासांचं पिल्लू होतं. "आता दिस मावळायला आला. ह्या टायमाला बसत्यात ती. उठवली तर लई कालवा करतील बघा."

"आबा, वाळवंटात लेंड्या असत्यात व्हय?" भाडेकरूचा आवाज चढला.

"उंट काय अत्तर टाकतो का?" आबा म्हणाले.

भाई मागं वळून हसले आणि लगेच गंभीर झाले. मला मात्र त्या वाळूत वाकून बघायचा मोह आवरेना. मेंढरांनी गवत खाल्लं होतं, पण सगळंच संपलेलं नव्हतं. खाली बारीक पोपटी कोंब होते आणि जागोजागी बाभळीची बोटभर रोपं. उन्हाळ्यात मेंढरं बाभळीच्या शेंगा खातात. बिया लेंड्यांतून पडतात आणि पावसाची वाट बघतात. म्हणजे हे यंदाचं नव्हतं. कुणीतरी इथं काही वर्षं मेंढरं बसवत होतं. एवढं माझ्या लक्षात आलं. त्यापुढं मी विचार केला नाही.

साडेपाचला पुण्याची छोटी बस आली. बाई चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या, पायात वाळूसाठी खास आणलेले बूट. बरोबरचे आठजण उतरले आणि कुणी काही म्हणायच्या आत दोघी बायका मेंढीच्या पिल्लाकडं धावल्या. भाडेकरूला जरा धीर आला. त्यानं पाहुण्यांच्या हातात खजूर दिले. त्याची मुलगी तंबूच्या दोरीला धरून उभी होती. आज खरेच पाहुणे आले होते, पण तिचा बाप धावपळ करताना बघून तिला नेमकं पाहुणे कोण ते कळेनासं झालं असावं. ती आळीपाळीनं बापाकडं आणि पाहुण्यांकडं बघत होती.

मग उंट. सगळ्यात मोठ्या ढिगाऱ्यावरून मावळतीच्या बाजूनं उंटाची फेरी, हा कार्यक्रमाचा कळस होता. पहिल्या फेरीला बाई स्वतः बसल्या. उंट उठला, दहा पावलं गेला आणि थांबला. भाईंनी दोरी ओढली, लाडीगोडी केली. उंट समोर बघत उभा. शेवटी भाईंनी खिशातून मोबाइल काढला, बँडची लग्नातली धून लावली आणि छोटा स्पीकर त्याच्या गळ्यात अडकवला. उंट ताबडतोब चालू लागला. गाणं जिथं मंद होई तिथं तोही मंद होई. कडव्याच्या शेवटी तो थांबून मान डोलवत वाट बघे.

"हा कशासाठी थांबतो?" बाईंनी वरून विचारलं.

"नोटा उडवायला, मॅडम," भाई म्हणाले.

ह्यावर सगळे इतके हसले की मला वाटलं, जमलं. पण मेंढरांनी उंट कधी बघितला नव्हता आणि बँड वाजवणारा उंट तर मीही बघितला नव्हता. एक मेंढी उठली. मेंढरांत एक उठणं म्हणजे सगळी उठणं. अख्खा कळप मोठ्या ढिगाऱ्यावर चढला, पलीकडून उतरला, गोल फिरून परत आला आणि उंटाच्या चारही बाजूंनी दाटून उभा राहिला. मेंढक्याची कुत्री भुंकायला लागली. एक हुशार मेंढी तंबूत शिरली आणि तिनं खजूर खाल्ले, बियांसकट. धुळीत सूर्य लालभडक झाला. उंट मधोमध स्थिर. नवरदेवाच्या मित्रांची त्याला सवय होती, त्यामानानं मेंढरं काहीच नव्हती. उंटावर बसलेल्या बाई घाबरण्याऐवजी सगळीकडं निरखून बघत होत्या. मला ते आवडलं आणि थोडी काळजीही वाटली. बाई आपला धंदा जाणत होत्या.

जेवणाला नाव ठेवायला जागा नव्हती. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगांची चटणी, कांदा. पाहुणे मांडी घालून बसले आणि दोनदा वाढून घेतलं. भाडेकरूची बायको चुलीपाशी होती आणि दर भाकरीमागं एकदा बाईंच्या तोंडाकडं बघत होती. एक गृहस्थ म्हणाले, "अगदी आमच्या आत्याकडं आल्यासारखं वाटलं." हे ऐकून भाडेकरू खूश झाला. बाईंनी मात्र भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

त्या माझ्याजवळ आल्या. फ्लेक्सनं आपलं काम केलं होतं.

"सर, तुम्ही खरं वाळवंट बघितलंय. मला सांगा, हे तसं आहे का?"

भाडेकरू चहाचा ट्रे घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभा होता. खोटं बोलायला माझी हरकत नव्हती. आयुष्यभर ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालात मी ते केलं आहे. पण बाई नुकत्याच मेंढरांच्या मधोमध बसून आल्या होत्या.

"तसं नाही," मी म्हणालो. "दुबईच्या वाळवंटात एकही माणूस तिथला नव्हता. इथं सगळे इथलेच आहेत. उंट तेवढा सोलापूरचा."

मला वाटलं, मी बाजू चांगली मांडली. बाई हसल्या, पण मान हलवून.

"तीच तर अडचण आहे, सर. माझ्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांचं गाव असंच आहे. तिथून सुटायला त्यांच्या आई-बापांनी जन्म घालवला. आत्याच्या घरी यायला ते तिकीट काढत नाहीत, आणि काढलं तरी घरी गेल्यावर मलाच विचारतील, वाळवंट कुठं होतं म्हणून." मग त्या भाडेकरूकडं वळल्या. "दादा, राग मानू नका. आजची संध्याकाळ मला कायम आठवेल. पण मी वाळवंट विकते, आणि तुमच्याकडं ते नाही. बस पाठवून तुम्हाला आशेला लावत नाही."

"व्हय मॅडम," तो म्हणाला. "चहा घ्या."

त्यांनी चहा घेतला, सगळ्यांचे नीट आभार मानले आणि सात-साडेसातला बस गेली. स्पष्ट बोलणारा माणूस त्या क्षणी फार वाईट वाटतो. मला आजही त्यांच्याबद्दल तक्रार सापडत नाही.

भाई उंटाला टेम्पोत चढवत होते, मी दोरी धरून उभा होतो. बापलेक तंबूची झालर सोडवत होते. त्यांचं बोलणं ऐकायचं नव्हतं असं म्हणणार नाही.

"झालं ना तुमच्या मनासारखं?" लेक म्हणाला. "गेलं वाळवंट."

"माज्या मनात काय हाय तुला म्हाईत हाय?"

"काय?"

"तीन वरसं झाली, दर साली मेंढरं बसवतोय तितं. कशापाई? वाळूत हौस म्हनून?" आबांनी झालरीची गाठ दातानं सोडवली. "डाळिंबाला असलंच रान लागतं. खत पायजे फकस्त. शेततळ्याला पाणी हाय. दोनशे झाडं बसत्यात. म्हनलं, बाग धरली की पोरगा शिफ्ट सोडून घरला ईल."

टेम्पोत उंट खाली बसला तेवढा आवाज आला.

"आबा, मग सांगायचं न्हाय का?"

"तू तरी मला कुटं सांगितलंस, तू कशापाई करतोयस ते? पुण्याची माणसं वाळू बघाय येनार, एवढंच म्हनलास. मला वाटलं, पोराला कंपनीत काय तरी झालं."

एक जण रानाचं वाळवंट करत होता आणि दुसरा त्याच वाळवंटाचं रान, दोघंही एकाच माणसाला घरी आणायला. मी शहाणपणानं दोरीची गाठ बघत राहिलो. मार्गदर्शकांनी निदान अशा वेळी गप्प बसावं.

परतीच्या वाटेवर भाईंनी एवढंच विचारलं, "सर, दुबईचा उंट बँडबिगर चलता क्या?" चालतो, म्हणालो. त्यांनी पुढच्या गावापर्यंत विचार केला. "बेचारा," ते म्हणाले.

जून उजाडेपर्यंत खड्डे घेऊन झाले. सपाटीवर आणि तीन ढिगारे पसरून तिथं आता डाळिंबाची रोपं आहेत. चौथा ढिगारा आबांनी ठेवला, नात त्याच्यावरून घसरते म्हणून. फ्लेक्स गोठ्यावर टाकला आहे. केशरी टेकड्या वरच्या बाजूला, फोटो आतल्या बाजूला आले आहेत, त्यामुळं सध्या मी एका म्हशीला मार्गदर्शन करतो.

परवा करार संपला म्हणून भाडेकरू नवीन स्टॅम्पपेपर घेऊन आला. अकरा महिन्यांचा, नेहमीसारखा. सही करून झाल्यावरही तो बसून राहिला.

"अजून एक करायचा सर ह्याच्या पुढं. मग फळांचा पयला बहार धरता ईल असं आबा म्हणत्यात."

"म्हणजे हा आणि एक."

"हा आणि एक."

मुलगी आता काय म्हणते, मी विचारलं.

"अजून पाव्हणंच म्हणती." त्यानं कागदाची घडी घातली. "पर आता इचारती, पाव्हणं, कायमचं कवा येणार? मी सांगितलं, दोन करार झाले की. ती रोज आईला इचारती, एक करार म्हंजी किती झोपा."